ऑनलाइन नाणी घेताना क्रेडिट कार्ड कसं सांभाळावं : नव्या संग्राहकांसाठी

नाणी जमवायला नुकतीच सुरुवात केली, की मोबाइलवर दोन प्रकारच्या जाहिराती दिसायला लागतात. एकीत कुणीतरी शिवकालीन सोन्याचा होन काही हजारांत देत असतो. दुसरीत वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखो रुपयांना विकत घ्यायला कुणीतरी तयार असतो. जाहिरात कुठलीही असो, शेवटी गाडी तुमच्या कार्डाच्या नंबरावर किंवा ओटीपीवर येऊन थांबते.

नाण्यांच्या खरेदीत दोन वेगळ्या चोऱ्या होऊ शकतात. पहिली म्हणजे खोटं नाणं गळ्यात मारणं, किंवा पैसे घेऊन काहीच न पाठवणं. दुसरी म्हणजे कार्डाची माहिती उचलून तिसरीकडेच खरेदी करणं. या दोन्हींची बँकेतली तक्रार वेगळी, मुदत वेगळी आणि पुरावाही वेगळा. हा फरक माहीत नसल्यामुळे लोक चुकीची तक्रार नोंदवतात आणि परत मिळण्यासारखे पैसेही गमावतात. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या एकाच हेतूने लिहिल्या आहेत: पैसे देण्याच्या आधीच, उद्या वाद झाला तर आपल्या हातात काय असेल, याची तयारी करून ठेवणं.

पायरी १ : आधी नाणं ओळखा, मग कार्ड काढा

कार्डाच्या गोष्टी सुरू करण्याआधी नाण्यांबद्दल बोलतो, कारण फसवणुकीची सुरुवात तिथूनच होते. ज्याला नाण्याची किंमत ठाऊक नाही, त्याला 'आज रात्रीपर्यंतच ही ऑफर' म्हणून घाई करता येते, आणि घाईत माणूस वेबसाइटचा पत्ताही नीट वाचत नाही.

काही पक्क्या गोष्टी लक्षात ठेवा. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा, आणि साधारण साडेतीस मिलिमीटर व्यासाचा असतो. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयांत सुमारे ९१.७ टक्के चांदी आहे. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. चांदी लोहचुंबकाला चिकटत नाही, निकेल चिकटतं. तेव्हा '१९४७ चा अस्सल चांदीचा रुपया' असं कुणी लिहिलं असेल, तर त्याला एक तर काही कळत नाही किंवा तुम्हाला कळत नाही असं त्याला वाटतं. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८७६ पर्यंत 'क्वीन' आणि १८७७ पासून 'एम्प्रेस' असतं. १८६५ चा 'एम्प्रेस' कुणी दाखवला तर पुढे बोलूच नका. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया खरोखर दुर्मिळ आहे, आणि नेमका म्हणूनच त्याच्या नकला बाजारात भरपूर आहेत.

सगळ्यात जास्त नवखे लोक फसतात ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या देवादिकांच्या नाण्यांत. १८१८ साल, एका बाजूला हनुमान किंवा रामदरबार, दुसऱ्या बाजूला 'यूकेएल वन आना' असलं काहीतरी. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. ही अलीकडे बनवलेली टोकनं आहेत. कुणी देव्हाऱ्यात ठेवायला घेत असेल तर त्याला माझी हरकत नाही, पण 'तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढणारं चमत्कारी नाणं' म्हणून त्यासाठी हजारो रुपये कार्डाने भरणं म्हणजे शुद्ध फसवणूक पदरात घेणं.

महाराजांच्या नावाने तर फारच खोटं विकलं जातं, आणि याचा मला मनापासून राग येतो. शिवराई तांब्याची, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. ती पुढे पेशवाईत आणि नंतरही दीर्घकाळ वापरात राहिली, त्यामुळे झिजलेली साधी शिवराई आजही सामान्य माणसाला परवडते. नव्या संग्राहकाने सुरुवात करावी असं हे सुंदर नाणं आहे. सोन्याचा शिवकालीन होन मात्र अत्यंत मोजका उरला आहे. तो सोशल मीडियावरच्या जाहिरातीत, 'कॅश ऑन डिलिव्हरी नाही, फक्त कार्ड' अशा अटीवर मिळत नसतो.

खरी नाणी डोळ्यांखालून गेली, की फोटोतलं खोटं लवकर खटकतं. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचं दालन आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राच्या अभ्यासाची स्वतंत्र संस्था व तिचं संग्रहालय आहे. पहिली मोठी खरेदी करण्याआधी यातल्या एका ठिकाणी एक सकाळ घालवा.

पायरी २ : खरेदीसाठी कार्ड वेगळं ठेवा

डेबिट कार्ड या कामाला वापरू नका. डेबिट कार्डावर गैरव्यवहार झाला की बचत खात्यातले तुमचे पैसे त्याच क्षणी जातात आणि वाद मिटेपर्यंत घरचा हप्ता, किराणा सगळं अडतं. क्रेडिट कार्डावर बिल भरेपर्यंत पैसा बँकेचा असतो, आणि फसवणूक म्हणून ज्या व्यवहाराबद्दल तक्रार आहे त्यावर तक्रार निकाली निघेपर्यंत बँकेने आकार लावायचा नसतो.

शक्य असेल तर कमी मर्यादेचं एक कार्ड फक्त अशा खरेदीसाठी ठेवा. दोन लाखांची मर्यादा असलेलं कार्ड पाचशे रुपयांच्या नाण्यासाठी अनोळखी वेबसाइटवर टाकण्याचं काही कारण नाही. काही बँकांच्या ॲपमध्ये एकदाच वापरता येणारं व्हर्च्युअल कार्ड काढता येतं. ती सोय असेल तर तीच वापरा.

यानंतर बँकेचं ॲप उघडून कार्डाच्या सेटिंगमध्ये जा. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशामुळे प्रत्येक कार्डाला ऑनलाइन व्यवहार, परदेशी व्यवहार आणि दुकानातले व्यवहार स्वतंत्रपणे चालू-बंद करण्याची आणि प्रत्येकाची मर्यादा ठरवण्याची सोय असते. परदेशी व्यवहार बंद ठेवा.

हे एवढं आग्रहाने सांगण्याचं कारण असं. भारतातल्या वेबसाइटवर कार्डाने पैसे देताना ओटीपी किंवा तशीच दुसरी खात्री लागते. परदेशातल्या अनेक वेबसाइटवर ती लागत नाही. कार्डाचा नंबर, मुदत संपण्याची तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर व्यवहार होऊन जातो. म्हणजे तुमच्या कार्डाची माहिती चोरणाऱ्याला ती भारतात वापरायची नसतेच, तो ती बाहेर वापरतो. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या लिलावातून नाणं घ्यायचं असेल, तर पैसे देण्यापुरता परदेशी व्यवहाराचा खटका चालू करा, तेवढ्याच रकमेची मर्यादा टाका आणि पावती हातात पडताच पुन्हा बंद करा. अशा खरेदीवर बँक परकीय चलनाचा अधिभार लावते, तोही हिशेबात धरा.

एसएमएस आणि ईमेल, दोन्हीकडे सूचना चालू आहेत ना हे तपासा. एक रुपया किंवा एक डॉलर अशी न ओळखता येणारी किरकोळ रक्कम कापली गेल्याचा संदेश आला तर तो दुर्लक्षित करू नका. चोर आधी छोट्या रकमेने कार्ड चालतं का ते बघतात, मोठा घाव नंतर घालतात.

१ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातल्या दुकानदारांना तुमचा पूर्ण कार्ड नंबर स्वतःकडे साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे कार्ड नंबराच्या जागी वापरायचा सांकेतिक आकडा, ठेवलं जातं. त्यामुळे एखादा विक्रेता 'कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, मी इथून एंट्री करतो' म्हणाला, तर व्यवहार तिथेच थांबवा.

पायरी ३ : विक्रेत्याची चौकशी

नव्या माणसाने पहिल्या काही खरेदी सरकारी टांकसाळीकडून कराव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा इथल्या टांकसाळी भारत प्रतिभूति मुद्रण तथा मुद्रा निर्माण निगम या सरकारी कंपनीखाली येतात, आणि स्मारक नाण्यांचे प्रूफ (संग्राहकांसाठी खास चकाकी देऊन पाडलेले) व यूएनसी (कोरे, चलनात न वापरलेले) संच ती स्वतःच्या संकेतस्थळावरून विकते. नव्या संसद भवनाच्या निमित्ताने २०२३ मध्ये काढलेलं ७५ रुपयांचं नाणं अशा नाण्यांपैकीच आहे: ३५ ग्रॅम वजन, निम्मी चांदी. फक्त एक काळजी घ्या. टांकसाळीच्या नावाशी मिळतीजुळती बनावट संकेतस्थळंही असू शकतात, म्हणून जाहिरातीतल्या दुव्यावरून न जाता कंपनीच्या मुख्य संकेतस्थळावरून विक्रीच्या पानावर जा.

खासगी विक्रेत्याकडून घेताना संकेतस्थळाचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. पत्त्याशेजारी कुलूप दिसतं याचा अर्थ एवढाच, की तुमची माहिती वाटेत कुणी वाचू शकत नाही. पलीकडे चोर बसला असेल तर ती सुरक्षितपणे चोरापर्यंत पोहोचते. पत्ता, चालू फोन, जीएसटी क्रमांक आणि परतीच्या अटी लिहिल्या आहेत का ते बघा. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर कुणालाही तपासता येतो, आणि तिथे दिसणारं नाव दुकानाच्या नावाशी जुळायला हवं.

नंतर नाण्याचा फोटोच इंटरनेटच्या शोधयंत्रात टाकून, तो आणखी कुठे आहे ते शोधा. तोच फोटो एखाद्या जुन्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये सापडला, तर विक्रेत्याकडे नाणं नाही, नुसता फोटो आहे. शंका असेल तर नाण्याशेजारी आजची तारीख आणि तुमचं नाव लिहिलेला कागद ठेवून नवा फोटो मागा, आणि नाणं वजनकाट्यावर ठेवलेला एक फोटोही मागा. अस्सल विक्रेत्याला यात काही अडचण वाटत नाही. उलट, नवा माणूस विचारपूस करून घेतोय याचं त्याला बरं वाटतं.

पीसीजीएस किंवा एनजीसी या नाण्यांची पारख आणि प्रतवारी करणाऱ्या अमेरिकी संस्थांच्या सीलबंद डबीतलं, म्हणजे 'स्लॅब' केलेलं नाणं असेल, तर डबीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून बघा. पण नुसता क्रमांक जुळला म्हणून निश्चिंत होऊ नका. खऱ्या डबीचा क्रमांक खोट्या डबीवर छापला जातो. संस्थेने त्या क्रमांकाचा फोटो ठेवला असेल तर नाण्यावरचे ओरखडे, डागाची जागा जुळवून पाहा.

आणखी एक प्रकार समजून घ्या, कारण तो वरवर फायद्याचा दिसतो. एखादा विक्रेता नवंकोरं नाणं किंवा चांदीचं पदक बाजारभावापेक्षा बरंच स्वस्त देतो, आणि ते वेळेवर, अस्सल, मूळ दुकानाच्या वेष्टनात घरी येतंही. पुष्कळदा यामागे असं घडलेलं असतं: त्याने तुमची ऑर्डर आणि पैसे घेतले, आणि खऱ्या दुकानात दुसऱ्याच कुणाच्या चोरलेल्या कार्डावर खरेदी करून पत्ता तुमचा दिला. काही आठवड्यांनी कार्डाचा खरा मालक तक्रार करतो आणि पोलिसांच्या हाती पत्ता लागतो तो तुमचा. शिवाय तुमच्या कार्डाची माहितीही त्याच्याकडेच राहिलेली असते, पुढच्या गिऱ्हाइकासाठी. चांदीच्या दरापेक्षाही स्वस्त चांदी कुणी देत असेल तर ती का देतो, हे आधी विचारा. याच कारणाने परदेशातले प्रामाणिक विक्रेते कार्डाच्या नोंदणीकृत पत्त्याखेरीज दुसरीकडे माल पाठवायला कधी कधी नकार देतात. त्याचा राग मानू नका.

'शेत नांगरताना हंडा सापडला, गुपचूप विकायचाय' अशी कथा सांगणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. जमिनीत सापडलेल्या गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. नाणी खोटी असतील तर पैसे गेले, आणि खरी असतील तर तुम्ही कायद्याच्या कचाट्यात सापडलात. अशा व्यवहाराची तक्रार घेऊन तुम्ही बँकेत किंवा पोलिसांकडे जाणार नाही, हे विकणाऱ्याने आधीच हेरलेलं असतं.

पायरी ४ : पैसे देताना

वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. 'प्रतिकृती', 'टोकन', 'फॅन्टसी', 'सुव्हेनियर' यांपैकी एक शब्द बारीक अक्षरात कुठेतरी टाकलेला असतो, आणि तो असला की 'वर्णनाप्रमाणे माल नाही' ही तुमची तक्रार तिथेच संपते. वर्णन, फोटो, किंमत, परतीची अट आणि विक्रेत्याशी झालेलं बोलणं, या सगळ्याचे स्क्रीनशॉट पैसे देण्याच्या आधी घेऊन ठेवा. नंतर ते पान गायब होतं. बिलावर साल, धातू, वजन आणि 'अस्सल' हा शब्द लिहून मागा.

ओटीपीचा संदेश आला की आकडा टाइप करायच्या आधी अख्खा संदेश वाचा. त्यात रक्कम आणि दुकानदाराचं नाव असतं. ४५० रुपयांचं नाणं घेताना संदेशात ४५,००० दिसत असेल, किंवा नाण्यांच्या दुकानाऐवजी भलत्याच कंपनीचं नाव असेल, तर मागे फिरा. एकदा ओटीपी टाकला, की बँकेच्या लेखी तो व्यवहार तुम्ही स्वतः केलेला असतो. ओटीपी कुणाला फोनवर सांगायचा नाही हे आता बहुतेकांना माहीत आहे. न वाचता स्वतःच्या हाताने टाकायचा नाही, हे मात्र कमी लोकांना माहीत आहे.

अगदी शेवटच्या क्षणी 'आमचं कार्ड पेमेंट आज चालत नाही, या क्यूआरवर यूपीआय करा' असा निरोप आला तर थांबा. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं, की आपल्याकडचे पुष्कळ छोटे, सचोटीचे नाणेविक्रेते यूपीआयवरच व्यवहार करतात. कार्डाचं यंत्र ठेवणं त्यांना परवडत नाही. पण यूपीआयने किंवा बँक ट्रान्सफरने गेलेल्या पैशांना कार्डासारखा वाद घालण्याचा मार्ग नसतो. म्हणून असा व्यवहार ओळखीच्या माणसाशी, प्रदर्शनात समोरासमोर, किंवा बुडाले तरी झोप उडणार नाही एवढ्याच रकमेचा करा. मोबाइल वॉलेटमध्ये पैसे टाकून, किंवा घरभाडं भरण्याच्या ॲपवरून 'भाडं' म्हणून क्रेडिट कार्डाने विक्रेत्याला पैसे पाठवायला कुणी सांगत असेल, तर मुळीच पाठवू नका. कागदोपत्री तुम्ही नाणं घेतलेलंच नसतं, मग ते न मिळाल्याची तक्रार कसली करणार?

'पेमेंट अडकलंय, मदत करतो' म्हणून कुणी स्क्रीन दाखवण्याचं ॲप किंवा व्हॉट्सॲपवरून आलेली एपीके फाइल (ॲप फोनवर बसवणारी फाइल) टाकायला लावत असेल, तर फोन ठेवून द्या. त्या क्षणापासून तुमचे ओटीपी त्यालाही दिसणार असतात.

पायरी ५ : पार्सलची वाट पाहताना

ऑर्डर दिल्यानंतरचे दिवस धोक्याचे असतात, कारण तुम्ही खरोखरच पार्सलची वाट पाहत असता. 'पत्ता अपूर्ण असल्याने पार्सल परत जात आहे, पंचवीस रुपये भरून पत्ता दुरुस्त करा' असा टपाल खात्याच्या नावाचा संदेश याच काळात खरा वाटतो. पंचवीस रुपयांचा तो दुवा फक्त कार्डाची माहिती घेण्यासाठी असतो. परदेशातून येणाऱ्या पार्सलवर सीमाशुल्क लागू शकतं आणि कुरिअर कंपन्या ते मागतातही, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. उपाय सोपा आहे: संदेशातला दुवा उघडायचा नाही. टपाल खात्याच्या किंवा कुरिअरच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन ट्रॅकिंग क्रमांक टाकायचा. शुल्क खरंच असेल तर तिथे दिसेल.

पार्सल आलं की उघडताना सलग व्हिडिओ काढा: आधी बंद पाकीट आणि त्यावरचं लेबल, मग उघडणं, मग नाणं, मग वजन. दागिने मोजायचा छोटा डिजिटल काटा आणि व्हर्नियर कॅलिपर या दोन वस्तू संग्राहकाच्या घरात असाव्याच लागतात.

आणि नाणं साफ करू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट यातलं काहीही नको. एक तर नाण्यावरचा जुना थर गेला की संग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमत उतरते. शिवाय नाणं खोटं निघालं आणि परत करायची वेळ आली, तर 'तुम्हीच ते खराब केलं' असं म्हणायला विक्रेत्याला जागा मिळते.

पायरी ६ : गडबड झालीच तर

इथे आधी स्वतःला एक प्रश्न विचारा. हा व्यवहार मी केला का?

व्यवहार तुम्ही केलाच नसेल, म्हणजे कार्डाची माहिती चोरून दुसऱ्याने खरेदी केली असेल, तर एकही मिनिट घालवू नका. ॲपवरून कार्ड बंद करा, बँकेच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. हा मदत क्रमांक कार्डाच्या मागे असतो, तोच वापरा. इंटरनेटवर शोधून मिळालेला क्रमांक चोरांचाही असू शकतो. त्याच वेळी १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरा. पैसा पुढच्या खात्यांत सरकण्याआधी तक्रार पोहोचली तर तो गोठवता येण्याची शक्यता असते.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात मुदती ठरलेल्या आहेत. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, माहिती तिसरीकडूनच फुटली आहे, अशा वेळी संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काहीच जबाबदारी येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं, तर पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डावर जास्तीत जास्त १०,००० रुपये आणि त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डावर २५,००० रुपये, किंवा व्यवहाराची रक्कम, यांतलं जे कमी असेल तेवढं तुमच्या अंगावर येतं. सात दिवसांनंतर सगळं बँकेच्या धोरणावर अवलंबून. तक्रारीनंतर दहा कामकाजी दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा दाखवायची असते आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो. ओटीपी किंवा पिन तुम्हीच कुणाला दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे आपली चूक असली तरी लाजेपोटी गप्प बसण्यात तोटाच आहे.

आता दुसरी शक्यता. व्यवहार तुम्हीच केला, ओटीपीही तुम्हीच टाकला, पण नाणं आलंच नाही किंवा नकली निघालं. इथे वरचं परिपत्रक उपयोगाचं नाही. 'हा व्यवहार मी केला नाही' अशी तक्रार चुकूनही करू नका. बँकेकडे ओटीपीची नोंद असते, तक्रार फेटाळली जाते आणि नंतर खरं सांगायला गेलात तर विश्वास उरत नाही. इथे मागायचं असतं ते 'डिस्प्यूट' किंवा 'चार्जबॅक', म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे परत मिळवणं. कारण नेमकं लिहायचं: माल मिळाला नाही, किंवा माल वर्णनाप्रमाणे नाही, किंवा माल बनावट आहे. यासाठी व्हिसा, मास्टरकार्ड अशा कार्डांच्या जाळ्यांचे नियम लागू होतात आणि मुदत सहसा १२० दिवसांच्या आसपास असते, पण तुमची बँक कागद त्याआधी मागू शकते. म्हणून 'पुढच्या आठवड्यात नक्की पाठवतो' म्हणणाऱ्या विक्रेत्याच्या नादाने तीन-तीन महिने घालवू नका. वेळ काढणं हाच त्याचा डाव असतो.

आधी विक्रेत्याला ईमेलवर लिहून पैसे परत मागा. फोनवर भांडून कागद तयार होत नाही. त्याने नाकारलं किंवा उत्तर दिलं नाही, की तो ईमेल, स्क्रीनशॉट, बिल, उघडतानाचा व्हिडिओ आणि वजनाचा फोटो बँकेला पाठवा. नाणं बनावट असल्याचं म्हणत असाल, तर एखाद्या जाणत्या नाणेव्यापाऱ्याचं किंवा नाणकशास्त्राच्या अभ्यासकाचं लेखी मत जोडा. ११.६६ ग्रॅमच्या जागी साडेनऊ ग्रॅम भरलं, लोहचुंबकाला चिकटलं, अशी ठोस वाक्यं त्या मतात असू द्या. नाणं परत पाठवायचं झालं, तर ट्रॅकिंग असलेल्या टपालानेच पाठवा आणि पावती जपा.

बँकेने तक्रार फेटाळली आणि ते तुम्हाला पटलं नाही, किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही.

परदेशात राहणाऱ्यांसाठी दोन शब्द

अमेरिका-इंग्लंडमधले आपले लोक घरची आठवण म्हणून व्हिक्टोरियाचे रुपये, शिवराई, पोर्तुगीज गोव्याचे तांगे शोधत असतात. अमेरिकेत परस्पर वापरल्या गेलेल्या क्रेडिट कार्डावर ग्राहकाची कायदेशीर जबाबदारी ५० डॉलरपर्यंतच असते, आणि बिलातल्या चुकीबद्दल ६० दिवसांत लेखी कळवावं लागतं. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याचं कलम ७५ आहे. १०० पौंडांहून महाग आणि ३०,००० पौंडांपर्यंतची वस्तू क्रेडिट कार्डाने घेतली, तर विक्रेत्याइतकीच बँकही जबाबदार ठरते.

पण भारतातून थेट मागवताना एक अडचण आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण केलेलं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. १९२० चा पाचव्या जॉर्जचा रुपयाही आता त्यात येतो. 'गिफ्ट म्हणून पाठवतो, काही होत नाही' म्हणणाऱ्या विक्रेत्याचं पार्सल अडवलं गेलं, तर कार्डाचा वाद लढवताना तुमची बाजू लंगडी पडते. गावी असलेल्या भावाला किंवा मामाला पाठवायला सांगितलं, तर तेही त्यात अडकतात. तिथल्याच जुन्या संग्रहांतून बाहेर पडणारी नाणी तिथल्याच नोंदणीकृत व्यापाऱ्यांकडून घेणं सरळ पडतं.

विकणाऱ्यांच्या वाट्याला येणारी फसवणूक

आजीच्या ट्रंकेत चार नाणी सापडली, की माणूस खरेदीदार असतानाच विक्रेताही होतो. 'तुमचं वैष्णोदेवीचं नाणं दहा लाखांना घेतो, फक्त नोंदणी, जीएसटी आणि रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीचे पैसे आधी भरा' असा फोन येतो. वैष्णोदेवीची पाच आणि दहा रुपयांची नाणी २०१२ मधली आहेत आणि ती दुर्मिळ नाहीत. अशा व्यवहारांत आपण नाही आणि त्यासाठी कुठलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर पत्रक काढून सांगितलं आहे. तिचं बोधचिन्ह असलेलं पत्र व्हॉट्सॲपवर आलं तर ते बनावट समजा. घरातल्या ज्येष्ठांना हे आवर्जून सांगा. निवृत्तीनंतर जुनी नाणी चाळत बसणारी मंडळी या टोळ्यांच्या यादीत वरच्या क्रमांकावर असतात. आधी दोन हजार, मग सात, मग वीस हजार, असे ते पैसे जात राहतात, आणि प्रत्येक वेळी आधीचे पैसे सोडवण्यासाठीच पुढचे भरले जातात. पैसे कार्डाने भरलेले असोत वा यूपीआयने, १९३० वर फोन इथेही तितक्याच तातडीने करायचा.

फसवणुकीनंतर बँकेकडून कार्ड बदलून मिळालं, की जुन्या कार्डावर लावलेली वीजबिलं, विमा, मोबाइल यांची स्वयंचलित भरणा व्यवस्था नव्या कार्डावर लावून घ्या. नवं कार्ड हातात आल्यावर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहारांच्या मर्यादा पुन्हा एकदा स्वतः उघडून बघा. जुन्या कार्डावरच्या तुमच्या सेटिंग नव्यावर तशाच येतील असं गृहीत धरू नका.